शुगर असलेल्यांचं गजकर्ण: खाजेवर विसंबू नका

मृग लागून पाऊस सुरू झाला की विदर्भातल्या खेड्यांत दोन तक्रारी हमखास वाढतात. एक जांघेतलं गजकर्ण, दुसरी पायाच्या बोटांमधल्या चिखल्या. यातल्या ज्यांना शुगर आहे, त्यांचं बोलणं बहुतेक वेळा असं असतं: "मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली का दोन दिवसांत खाज थांबते, अन् बंद केली का पुन्हा सुरू होते." एवढं ऐकलं की ट्यूब न बघताही तिच्यात काय असेल ते कळतं.

आपण सगळे बुरशीचा हिशेब खाजेवरून करतो. खाज आहे तर आजार आहे, खाज गेली म्हणजे बरं झालं. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. स्टेरॉइडच्या मलमाने खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. बरीच वर्षं शुगर असेल तर पायाच्या नसा बधिर होतात, मग बोटांमधली कातडी कुजली तरी खाजही नाही आणि दुखणंही नाही. उलट, कोरड्या पडलेल्या कातडीला बुरशी नसतानाही खाज सुटते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या डोळ्यांनी बघायच्या आणि कॅलेंडरवर मोजायच्या आहेत.

शुगर असली की बुरशी का सोडत नाही

रक्तातली साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. लघवीत साखर उतरते, त्यामुळे लघवीच्या जागेभोवती बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर छोटी भेगही लवकर भरत नाही. त्यात वजन जास्त असेल तर पोटाच्या घडीत, स्तनांखाली आणि जांघेत घाम साचून राहतो. ही कारणं एकमेकांना बळ देतात, म्हणून नुसत्या ट्यूबने काम भागत नाही.

पहिली पायरी: उजेडात नीट बघा

दिवसा, दाराशी किंवा खिडकीशी, अंगावरचा कपडा बाजूला करून बघा. पाठ आणि कंबर घरच्या माणसाला बघू द्या.

गजकर्ण किंवा नायटा गोल वाढतो. कडा उठलेली, बारीक पुरळ आणि खपल्या असलेली, मधला भाग त्या मानाने साफ. पुस्तकातल्या चित्रांत तो लालभडक दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा तपकिरी किंवा काळपट दिसतो, म्हणून रंगापेक्षा कडेकडे लक्ष द्या.

घडीतली बुरशी वेगळी असते. स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत कातडी ओली, सोललेली, लाल दिसते आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर सुटे सुटे पुरळ असतात. ही कॅन्डिडा जातीची बुरशी, आणि शुगर वाढलेल्यांची तिच्याशी जास्त गाठ पडते. ज्या बायकांचे हात दिवसभर धुण्याभांड्यांत असतात, त्यांच्या बोटांमध्ये आणि नखांच्या कडेलाही ती होते. नखाची कड सुजते, दाबली की दुखते.

पायाच्या बोटांमध्ये, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात, कातडी पांढरी, फुगलेली, वास येणारी झाली असेल तर त्या चिखल्या. छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंडा सुटणारे ठिपके असतील तर ती शिबं; ती त्रासदायक असली तरी घाबरण्यासारखी नाहीत.

आता बुरशी नसलेल्या गोष्टी. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ, घरात आणखी दोघातिघांना तेच, तर ती बहुधा खरूज आहे आणि तिचं औषध वेगळं. नडगीवरचे न खाजणारे तपकिरी डाग मधुमेहात बऱ्याच जणांना येतात, त्यांना मलम लागत नाही. एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा खाजत नसेल आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तरी स्पर्श कळत नसेल, तर ट्यूब लावत बसू नका. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात कुष्ठरोग अजून आहे. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि वेळेत घेतलं तर हातपाय वाकडे होत नाहीत.

तोंडात पांढरा थर दिसला तर तोही बघून घ्या. बुरशीचा थर ओल्या कापडाने पुसला तर निघतो, खाली लाल जागा दिसते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या गालात न निघणारा पांढरा चट्टा असेल तर मात्र तो कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकतो. त्याला तोंडाच्या तपासणीसाठी लगेच पाठवा.

दुसरी पायरी: साखर मोजा

गजकर्ण वर्षातून दोनतीनदा होतंय, पुरुषाच्या शिस्नाची कातडी चिरतेय, बाईला वारंवार दह्यासारखं पांढरं जातंय, आणि शुगर कधी तपासलीच नाही, तर औषधाआधी ती तपासा. बऱ्याच लोकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा हाती लागतो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताईंना विचारलं की दिवस कळतो.

उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर मधुमेह असण्याची शक्यता मोठी, पक्कं करण्यासाठी पुन्हा तपासणी लागते. आधीपासून औषध सुरू असलेल्यांनी साधारण उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत राहण्याचं ध्येय ठेवावं. फार वयस्कर माणसांचं किंवा ज्यांची साखर एकदम खाली जाते त्यांचं ध्येय डॉक्टर थोडं सैल ठेवतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर बुरशीचं औषध लागू पडायला मोठी मदत होते. ती १० च्या पुढे असेल तर उत्तम ट्यूबही अर्धवटच काम करेल, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. अशा वेळी साखरेचं औषध वाढवून घेणं हाच बुरशीच्या उपचाराचा पहिला भाग.

तिसरी पायरी: घरातल्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. खिडकीत, फडताळात, पिशवीत ठेवलेल्या सगळ्या ट्यूबा एका जागी आणा. शाळेत जाणारा नातू-नात असेल तर त्यांना बारीक अक्षरं वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल ही नावं कानाला जवळची वाटतात, पण कामं अगदी उलटी आहेत, म्हणून कानावर न जाता अक्षरं वाचा.

गावाकडे सगळ्यात जास्त खपतात त्या तीनचार औषधं एकत्र असलेल्या ट्यूबा: एक स्टेरॉइड, एक बुरशीचं, एकदोन जंतूंची. स्टेरॉइड कातडीची प्रतिकारशक्ती दाबतं. खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, माणूस खूश होतो आणि बुरशी मोकळी वाढते. मग चट्ट्याची साफ कड पुसली जाते, चट्ट्यात चट्टा उठतो, जांघेतली कातडी पातळ होऊन पांढुरक्या रेषा पडतात. त्या रेषा कायमच्या. मोठ्या भागावर बरेच दिवस जोरदार स्टेरॉइड लावलं तर रक्तातली साखरही वाढू शकते, म्हणजे शुगरच्या माणसाला दुहेरी फटका. ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी ती पानठेल्यावरच्या पुडीसारखी सहज मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर ती थांबवल्यावर खाज आणि लाली आठवडा-दोन आठवडे उफाळून येते. लोक नेमके इथेच घाबरून पुन्हा तीच लावतात. त्या दिवसांत डॉक्टरकडून खाजेची गोळी घ्या, पण ट्यूबकडे परत जाऊ नका.

घरगुती उपायांबद्दलही इथेच सांगतो. बिब्ब्याचं तेल, रुईचा चीक, चुना, लसणाचा लेप, रॉकेल, बॅटरीचं पाणी यांनी कातडी भाजते. साधा माणूस त्यातून उठतो. बधिर पायाच्या शुगरच्या माणसाला मात्र त्या भाजल्या जागेची जखम महिनोन्‌महिने पुरते. तरोट्याची भाजी पावसाळ्यात आवडीने खा, गजकर्णावर त्याचा पाला मात्र चोळू नका. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ केली तर बिघडत नाही, पण त्यावर भागवू नका.

चौथी पायरी: मलम किती आणि किती दिवस

साधं बुरशीचं मलम, एकाच औषधाचं. अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी झाल्यावर लावायचं. चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. बाहेरून आत चोळत या. बहुतेक मलमं दिवसातून दोनदा, ल्युलिकोनाझोल एकदा. घडीतल्या कॅन्डिडासाठी क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल जास्त उपयोगी.

मापाचं गणित सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टा तेवढा असेल तर दिवसातून दोनदा लावल्यावर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. एकच ट्यूब दोन महिने पुरवली असेल तर औषध लागलंच नाही असं समजा.

आणि दिवस. चट्टा, खपल्या, कड सगळं नाहीसं झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं. एकूण चार ते सहा आठवडे धरून चला. ज्या दिवशी सुरू केलं त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा आणि सहा आठवड्यांनंतरच्या तारखेवरही एक. मागे उरलेला काळा डाग ही बुरशी नव्हे; तो हळूहळू काही महिन्यांत फिका होतो.

मोठा भाग व्यापलेला असेल, डोक्यात किंवा नखांत असेल, किंवा चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर ट्यूब बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. देशात आता टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी बरीच पसरली आहे. तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नावही मिळालं. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पाचवी पायरी: गोळ्या सुरू करताना

बुरशीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, कारण शुगरच्या माणसाच्या इतर गोळ्यांशी त्या भांडतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड सुरू असताना फ्लुकोनाझोल घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखरपाणी प्या, मग दवाखाना. इट्राकोनाझोल हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ती स्नायूंना बाधते. तिच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर ती नीट अंगी लागत नाही. टर्बिनाफिनच्या आधी यकृताची तपासणी सांगितली तर टाळू नका, विशेषतः दारू पिणाऱ्यांनी. गरोदर बाईला या गोळ्या देत नाहीत, तिला मलमच.

नखाच्या बुरशीला धीर लागतो. पायाच्या नखाला गोळ्या साधारण तीन महिने, आणि नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष.

सहावी पायरी: ओल मोडा

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घामाने कपडा अंगाला चिकटतो. मग चार महिने पावसात काहीच वाळत नाही. पूर्वेकडे रोवणीत दिवसभर पाय बांधीच्या चिखलात, शिंगाड्याच्या तळ्यात कंबरेपर्यंत पाणी. पश्चिमेकडे फवारणीचा पंप पाठीवर गळतो आणि शर्ट-चड्डी ओली. काम सोडता येत नाही, पण घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करता त्यावर बरंच ठरतं. ओले कपडे लगेच उतरवा, साध्या पाण्याने अंघोळ, आणि वेगळ्या सुती फडक्याने जांघ, काख, स्तनांखाली, बोटांमध्ये टिपून कोरडं करा. घासू नका. घडीत घाम फार येत असेल तर मलमलीच्या धुतलेल्या कापडाची पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला.

कंबरेचा करदोडा, काळा दोरा, पायात बांधलेला धागा उपचाराच्या काळात काढून ठेवा. तो कधी वाळत नाही आणि बुरशी त्यात तग धरून राहते. बरं झाल्यावर नवा बांधा. परकराची नाडी घट्ट एकाच रेषेवर येते, तिथेही चट्टा उठतो, तिची जागा बदलत राहा. बायकांनी जोडव्यांखालची कातडी रोज बघावी. रात्री जोडवी काढून बोट कोरडं करता आलं तर उत्तम. काढायची नसतील तर सैल करून फिरवा आणि खालून पुसा.

आतले कपडे, टॉवेल, चादर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कमरेच्या आणि जांघेच्या शिवणीवर इस्त्री फिरवा. घरात सगळ्यांचा टॉवेल एकच असेल तर ते आधी थांबवा. ज्याला ज्याला चट्टा आहे त्याचा उपचार एकाच वेळी करा, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते. गोठ्यातल्या वासराच्या तोंडाभोवती, डोळ्यांभोवती राखाडी खपल्यांचे गोल चट्टे असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. ते माणसाला लागतं.

पायाची रोजची पाहणी

चिखल्यांची भेग हे शुगरच्या पायात जंतू शिरायचं दार. तिथून सूज, पू, आणि कधी बोट किंवा पाय कापण्यापर्यंत वेळ येते. म्हणून रोज रात्री, खाज असो-नसो, दोन्ही पाय बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. प्रत्येक बोट वेगळं करून आत डोकवा.

टाचेला खोबरेल तेल लावा, बोटांच्या मध्ये लावू नका. गरम पाण्यात पाय शेकू नका, बधिर पायाला चटका कळत नाही. कोमट पाणीही कोपराने तपासा. ब्लेडने कातडी कापू नका. प्लास्टिकचे बूट घालत असाल तर आत सुती मोजे, दुपारी एक कोरडा जोड बदलायला, आणि रात्री बूट उलटे करून टांगा. रोवणीच्या दिवसांत बोटांमध्ये क्लोट्रिमाझोलची पावडर पातळ भुरभुरावी. थर देऊ नये, त्याचा चिखल होतो.

लाजेने लपवलेली जागा

लघवीच्या जागेचा त्रास बायकाच नव्हे, पुरुषही वर्षानुवर्षं सांगत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी सुरू असेल तर लघवीतून साखर जास्त जाते आणि तिथली बुरशी वाढते. हृदय आणि किडनीसाठी ही गोळी चांगली आहे, म्हणून मनाने बंद करू नका. प्रत्येक वेळी लघवीनंतर साध्या पाण्याने धुवून टिपा, साबण नको, आणि डॉक्टरांना सांगा. नवरा-बायको दोघांनाही त्रास असेल तर दोघांनी दाखवा. बाईने तपासणीसाठी नर्सताई किंवा महिला डॉक्टर मागितली तर त्यात काही गैर नाही.

याला थांबायला वेळ नाही

पायाची लाली वर चढतेय, ताप आहे, पू किंवा काळी पडलेली जागा आहे. जांघेत किंवा अंडकोषाजवळ अचानक तीव्र वेदना आणि सूज. चेहऱ्याची एक बाजू सुजलेली, नाकातून काळपट स्राव, डोळा दुखतोय किंवा नजर कमी झालीय. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, १०८ ला फोन करून, मोठ्या दवाखान्यात जा. चेहऱ्याची लक्षणं म्युकरमायकोसिसची असू शकतात. २०२१ मध्ये करोनानंतर नागपूरच्या दवाखान्यांत त्याचे रुग्ण भरले होते आणि त्यांतल्या फार जणांना मधुमेह होता. त्यात काही तासांचा उशीरही महाग पडतो.

बाकी त्रासासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, सेवाग्रामला, सावंगीला, यवतमाळ आणि अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. जाताना एका पिशवीत आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, शुगर-बीपीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा शुगरचा कागद घ्या. त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काहीही लावू नका, म्हणजे खपली तपासता येते.